डावा भटारखाना

“अहो, ही सुरी इथे कोणी अडकवली? माझा हात पोचत नाही!” जहाजावरची नवी आचारीण वैतागली.

“मीच,” डावरेकाका म्हणाले. “डावखुरा ना मी.”

ती ओशाळली. डावीकडे टांगलेले झारे, उलट उघडणारी कपाटं, सकाळपासून ज्या ज्या गोष्टीला तिनं नावं ठेवली होती, ती ती या माणसानं स्वतःसाठी करून घेतली होती.

काकांचा जन्म गोदीच्या उपाहारगृहात गेला. हे जहाज बांधणारे सगळे त्यांच्याच हातचं जेवले होते. बर्फाच्या समुद्रात निघालेल्या या मोहिमेच्या प्रमुख बाई एक दिवस जेवून उठल्या आणि म्हणाल्या, “आचारी तुम्हीच.” झालं, स्वारी हरखून गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजं काठावरून पाहिली, आता आपण जायचं! सुताराचं डोकं खाऊन त्यांनी अख्खा भटारखाना डावा करून घेतला. आणि गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय, जाता येणार नाही. माणसाचं मन मोठं असावं म्हणे, पण हृदय मोठं असून भागत नाही.

“बरं झालं बाई, माझा घोर मिटला,” घरी बायको म्हणाली, आणि मोरीत जाऊन रडली.

“सुताराला बोलावू का?” आचारिणीनं विचारलं.

“तो कुठला येतोय आता! उद्या निघायचंय तुम्हाला. द्या तो पेचकस.”

काका एकेक आकडा काढून उजवीकडे बसवू लागले. “जहाज हलायला लागलं की बघायला सवड नसते. सुरी हाताखालीच हवी.”

जुन्या भोकांत त्यांनी लांबीचा लगदा भरून बुजवला. मध्येच ते कपाटाला टेकले.

“काका, बसा जरा. छातीत दुखतंय का?”

“नाही हो. जायचं होतं मला, दुसरं काय!” त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

इतक्यात वरून कप्तानाची हाक आली, “भटारखाना! चहा!”

“आणतो!” काका ओरडले.

आचारिणीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकांच्याही लक्षात आलं. त्यांनी मान खाली घातली.

“तुम्ही ओ द्या,” ते म्हणाले. “जरा मोठ्यानं द्या, वर ऐकू जात नाही.”

तिनं ओ दिली. काका चुलीपुढून बाजूला झाले.