पन्नास बडबडे आणि एक मौनीबाई

आई म्हणते, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. अशा मुलीला सरांनी काम कोणतं द्यावं? शास्त्रज्ञांनी आपसात किती बोलावं, हे कॉम्प्युटरवर शोधायचं!

प्रोग्राममध्ये पन्नास-पन्नास खोट्या शास्त्रज्ञांचे दोन गट आणि दोन औषधं. दुसरं औषध जास्त गुणकारी, पण हे त्यांना माहीत नाही. रोग्यांना देऊन बघायचं, इतरांचे निकाल ऐकायचे, मत बनवायचं. एका गटात सगळे सगळ्यांना सांगणार, दुसऱ्यात फक्त शेजाऱ्याला. एकाला तर मी माझ्या आत्याचा स्वभाव दिला होता. ऐकलं की पटलं.

सगळा खेळ पहिल्यापासून अशा वीस फेऱ्या चालवल्या; गुणकारी औषध ओळखण्यात बडबड्यांचा गट जिंकला. मला दम कुठला! सकाळच्या मीटिंगमध्ये सांगून मोकळी झाले. सर खूश, कारण रोजची मीटिंग ही त्यांचीच कल्पना. त्यांनी निकाल फळ्यावर लिहिला आणि हाच प्रश्न सोडवणाऱ्या बाकीच्या पाचही जणांनी आपापले प्रोग्राम बंद केले.

आमच्यातली मौनीबाई तेवढी मीटिंगला नव्हती. ती कधीच नसायची. जिन्याखालच्या खोलीत एकटीच काम करायची.

"शुक्रवारी तिचं कंत्राट संपतंय," सर म्हणाले. "आपल्यात बसत नाही, तिला ठेवायची कशाला?"

आम्ही माना डोलावल्या. मी जरा जास्तच.

गुरुवारी तिचा चार्जर परत द्यायला खाली गेले. पडद्यावर तोच प्रोग्राम, दहा हजारावी फेरी. बडबडे सपशेल हरले होते! सुरुवातीला दुसऱ्या औषधाचे दोन-चार रोगी बरे झाले नाहीत, की बातमी पन्नास जणांत पसरायची आणि त्या औषधाला पुन्हा कोणी हात लावायचं नाही. दुसऱ्या गटात मात्र ज्याच्या कानावर काही आलंच नव्हतं, असा कोणीतरी ते देत राहायचा.

माझ्या वीस फेऱ्या म्हणजे निव्वळ नशीब. मला स्वतःचीच लाज वाटली. मी सरांना हाताला धरून खाली आणलं.

आकडे बघून सरांचा चेहरा उतरला. "तू थांबली कशी नाहीस? निकाल तर आधीच लागला होता."

"मला कुणी सांगितलंच नाही," मौनीबाई म्हणाली. "सांगितलं असतं, तर मीही बंद केलं असतं."

सरांनी वर जाऊन फळ्यावरचा निकाल पुसला. संध्याकाळी मला म्हणाले, "कंत्राट दोन वर्षं वाढवलंय, सांग तिला. आणि उद्यापासून मीटिंगला यायचं."

अर्धा निरोप मी धावत जाऊन दिला. उरलेला, मीटिंगचा अर्धा तोंडात ठेवून आज तीन महिने झाले. "सांगितलंस ना?" सर अधूनमधून विचारतात. मी मान डोलावते.

तीळ अजून भिजतोय.