नळी किती कापायची

आर्डिस टोलेफसननं रायफल ऑर्विलच्या टेबलावर ठेवली. "नळी कापून दे."

ऑर्विल चाळीस वर्षं अलास्काच्या त्या किनाऱ्यावर बंदुका दुरुस्त करत होता. ही रायफल त्यानंच तिच्या नवऱ्याला, स्वेनला, जुळवून दिली होती. स्वेनला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"अगं, सव्वीस इंची आहे ती! काडतुसातली एवढी दारू पूर्ण जळायला लांबी लागते. स्वेन या रायफलनं पलीकडच्या डोंगरावरचा मूस पाडायचा, घोड्याएवढं हरीण!"

"स्वेन पाडायचा. तेवढ्या लांबून मांस वाहून आणायला आता दोघं कुठं आहेत? मला जवळच मारायला हवं. नदीकाठी, झुडपांत."

मग तिनं मागच्या सप्टेंबरातली हकीकत सांगितली. आल्डरच्या गच्च झुडपांत अस्वल पुढ्यात उभं राहिलं. रायफल खांद्यावरून उतरवताना नळी फांद्यांत अडकली, निघता निघेना. अस्वलानं हुंगून पाहिलं नि निघून गेलं. ही मात्र दुपारभर तिथंच बसून होती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला घरात होतं कोण?

ऑर्विलनं एका जुन्या बंदुकीच्या मोडक्या दस्त्याला नळीएवढा एक लाकडी दांडा ठोकला आणि त्यावर इंचांच्या खुणा केल्या. "हे घेऊन आठवडाभर हिंड. अडकलं की एकेक खूण कापत जा. लोखंड कापलं की परत चिकटत नाही, बाई."

"लाकडी बंदूक घेऊन हिंडू? लोक म्हणतील म्हातारी खुळावली."

"तुझ्या नदीवर लोक आहेत तरी कोण?"

दोघंही हसली. आर्डिसचं हसू आधी मावळलं.

आठवड्यानं ती परतली. दांडा विसाच्या खुणेवर कापलेला होता.

"वीस? कानठळ्या बसतील. खांद्याला झटकाही जास्त बसेल. बावीस घे. गोळीचा वेगही जरा राखला जाईल."

"बावीस डावीकडं वळवताना अडकते. चालून बघितलंय मी. चाळीस पावलांवर वेग घेऊन काय करू?"

ऑर्विलनं मान डोलावली. नळी विसावर कापली, तोंड नीट घासून गोल केलं. "जेवूनच जा. माशाचा रस्सा आहे."

"ओहोटी लागेल," म्हणून ती निघाली. नाव खाडीबाहेर पडल्यावर तिला वाटलं, थांबायला हवं होतं.

सप्टेंबरात झुडपांत मूस दिसला. रायफल कुठंही न अडकता खांद्याला आली. एकच बार. कान सुन्न झाले. तशीच मागं वळून ती आनंदानं ओरडली, "पडला!"

मागं स्वेन असायचा तिथं नुसत्या फांद्या हलत होत्या. स्वतःचा आवाजही तिला नीट ऐकू आला नव्हता.

 मग बाह्या वर सारून तिनं सुरा काढला. सगळं मांस घरी पोचायला नऊ खेपा आणि तीन दिवस लागले.