शत्रूच्या पुढ्यातलं सूप

"हात मिळवायचा नाही. खायला विचारायचं नाही. पाणी मागितलं तर फक्त पाणी. कळलं ना, आदोझिंदाबाई?" इंग्रज वकिलातीचा चिटणीस हार्टनॉल पुन्हा पुन्हा बजावत होता.

"कळलं हो साहेब! शत्रू तुमचा, पाहुणाही तुमचाच. माझं काय जातंय?"

१९४३चा ऑगस्ट, महायुद्ध ऐन भरात. लिस्बनच्या त्या बंगल्यात स्वयंपाक करता करता आदोझिंदाचे केस पिकले होते. आणि तिचं तर बरंच काही जात होतं. लेक नेपल्सला दिलेली, जुलैपासून तिचा निरोप नाही, आणि नेपल्सवर बॉम्ब टाकणारे हेच तिचे मालक. रोममधलं सरकार उलथलं, नव्या सरकारनं गुपचूप तहासाठी माणूस धाडला, एवढं तिच्या कानावर आलं होतं. आजचं बोलणं फिसकटलं तर काय, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी इंग्रज आपसांत खलबतं करायला बसले आणि पाहुण्याला मागच्या बाजूला थांबायला सांगितलं. तो थेट स्वयंपाकघरात आला. आदोझिंदा नुकतीच कोबीचं सूप घेऊन बसली होती. जेवताना कुणी आलं की 'या जेवायला' म्हणायचं आणि येणाऱ्यानं 'चालू द्या, सावकाश' म्हणून पुढं व्हायचं, ही पोर्तुगालची रीत. सवयीनं तिच्या तोंडून शब्द निसटले. इटलीच्या माणसाला ही रीत कुठली ठाऊक! त्यानं सरळ खुर्ची ओढली.

अगं बाई, आता? तिनं आपला वाडगा पुढं सारला. तो फुंकर घालघालून खाऊ लागला आणि ती थक्क होऊन बघत राहिली. अख्ख्या देशाचं ओझं घेऊन आलेला माणूस, आणि त्याचंही तोंड पोळत होतं!

"माझी लेक तुमच्या नेपल्सला असते," जावयाकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये ती म्हणाली. "थांबेल का हो हे?"

"त्यासाठीच आलोय, बाई. कुठल्या गल्लीत राहते?"

"बंदरामागं. दोरखंडवाल्यांच्या."

त्याचा चमचा हवेतच थांबला. मग खाली मान घालून तो पुन्हा खाऊ लागला.

तेवढ्यात हार्टनॉल दारात आला आणि जागीच खिळला.

"या जेवायला," आदोझिंदा पुटपुटली. मेली सवय! आता नोकरी गेलीच म्हणायची.

हार्टनॉलनं वाडग्याकडं पाहिलं, शत्रूकडं पाहिलं.

"चालू द्या," तो हळूच म्हणाला. "सावकाश."

आत मोठमोठी माणसं खोळंबली होती. तरी वाडगा रिकामा होईपर्यंत तो भिंतीशी उभा राहिला.

पाहुणा उठला. आत कुणीही न धरलेला हात त्यानं तिच्यापुढं केला. तिनं एप्रनला हात पुसून तो धरला.

"मी जमवतो, बाई," तो म्हणाला. "बाकीच्या गल्ल्यांसाठी तरी."

तिनं मान हलवली. दार लागल्यावर ती ओट्याला धरून रडली, पण आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

आतून चहाची घंटा वाजली. आदोझिंदानं तोंड धुतलं आणि ट्रेमध्ये कप मांडले, इंग्रजांचे आणि एक जास्तीचा.