वळणापलीकडचा दिवा

गाडी सुरू केली की मीटरच्या कोपऱ्यात नखाएवढा पिवळा दिवा लागायचा. गोलात तीन अक्षरं, एबीएस. गाडी नवी आणली तेव्हा नवऱ्याने तिला समजावलं होतं, "घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी हे चाकाला जाम होऊ देत नाही. दिवा आधी लागतो आणि चार पावलं गेलं की विझतो. विझला म्हणजे सगळं ठीक."

तिची पंचाईत तिथेच होती. ती चार पावलं नेमकी तिच्याकडे पाठ करून पडायची. रोज सकाळी ती फाटकाशी उभी राहायची. पुढे नवरा, मागे त्याच्या कमरेला मिठी मारून बालवाडीला निघालेली चार वर्षांची लेक, डोक्यावर भूछत्रासारखं हेल्मेट. गाडी वळणाआड गेली की रस्ता तिच्या मनात पुढे चालू राहायचा. हळूहळू त्याचं पाणी व्हायचं, त्यावरून दोघं तरंगत जायची, आणि पाण्याखाली तो पिवळा दिवा विझायचा की नाही ते काही केल्या दिसायचं नाही.

एका दुपारी ती लेकीचे केस विंचरत होती.

"आई, गाडी झोपते."

"कुठे गं?"

"वळणावर. शिंपीकाकांच्या दुकानासमोर. मग मी नि बाबा खूप खिडक्यांच्या गाडीतून जातो."

ती हसली. आदल्याच दिवशी या पोरीने बादलीत चंद्र बुडाल्याचं सांगितलं होतं.

"आपल्या गाडीचा दिवा झोपतच नाही," लेक म्हणाली. "म्हणून बाबा मला तिच्यावर नेत नाही."

कंगवा केसांतच थांबला.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तशी ती घरातल्या चपलांनिशी मागोमाग निघाली. वळणावर शिंप्याच्या छपराखाली गाडी स्टँडवर उभी होती, एका बाजूला मान टाकून. पलीकडे बस थांब्यावर बापाच्या खांद्यावर लेक बसली होती आणि त्याच्या दोन्ही दंडांना हेल्मेटं लटकली होती, भोपळ्यासारखी. तिला राग यायला हवा होता. पण स्वप्नात आपलीच माणसं लांबून दिसावीत तसं वाटत राहिलं, आणि ती रस्ता ओलांडायचंच विसरली.

शेवटी त्यानेच तिला पाहिलं. जीभ चावली.

"किती दिवस?" तिने जवळ जाऊन विचारलं.

"तेरा."

"आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं शिंप्याने?"

"सांगितलं असतं तर तू बसच्या टायरांचीही चौकशी करून आली असतीस." मग त्याचा आवाज उतरला. "कंपनीच्या वर्कशॉपमध्ये म्हणाले, एबीएसचं अख्खं युनिट बदला. माझा दीड पगार होतो. साधा ब्रेक लागतो गं, पण जोरात दाबला की चाक जाम होतं. हिला मागे बसवायची माझी छाती होत नाही. म्हटलं, विकूनच टाकू."

गाडी विकली की त्याला कामावर जायला दोन बस बदलाव्या लागणार, आणि लेक निजल्यावरच बाप घरी येणार. तेरा दिवस तो उशिरा का येत होता, ते तिला आता कळलं.

"विकण्याआधी दुसरं कोणाला तरी दाखव," ती म्हणाली. "माणसाला दाखवतोच ना आपण, दोन डॉक्टरांना."

रविवारी ते तिघं गाडी ढकलत जुन्या मिस्त्रीकडे गेले. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो रोग ओळखायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. या वेळी मात्र त्याने कान लावला नाही. पुढच्या चाकाशी उकिडवा बसला.

"युनिट सहसा मरत नाही हो. लोक उगाच त्याच्या नावाने बिल फाडतात. मरतं ते बाहेरचं. चाकाशी हा सेन्सर आहे बघा. चाक किती फिरतंय ते हा तारेतून आत कळवतो. हा मुका झाला की आतला शहाणा काम सोडतो आणि दिवा पेटवून बसतो." बोलता बोलता त्याची बोटं थांबली. "हे लाल रबर कोणी बांधलं?"

"माझं!" लेक आनंदाने ओरडली. "माझ्या केसांचं!"

आईच्या कानशिलांत ऊन चढलं. महिन्याभरापूर्वी तिनेच जुन्या टूथब्रशने चाक घासलं होतं. ती तार सैल लोंबताना दिसली होती. चाकात अडकली तर? हा एकच विचार. तिने तार वर ओढून घेतली, रबराचे तीन वेढे दिले, आणि त्या रात्री शांत झोपली होती.

"मीच," ती म्हणाली.

डॉक्टरने रबर कापलं नाही, हळूच सोडवलं. "तारेला झोळ लागतो, वहिनी. खड्ड्यात चाक खालीवर होतं, तिलाही तेवढं हलू द्यावं लागतं. तुम्ही ताणून बांधलीत, ती रोज थोडी थोडी आतून तुटली. वरून काही कळत नाही."

"तरीच म्हटलं," नवरा म्हणाला, "माझ्या गाडीची वेणी कोणी घातली!"

तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली.

नवा सेन्सर तारेसकट दोन दिवसांच्या पगारात बसला. तो लागल्यावर लेकीला डॉक्टरपाशी ठेवून ती स्वतः मागे बसली. गॅरेजमागे मोकळी जागा होती, वाळू सांडलेली. गाडी निघाली. तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. एक, दोन, तीन. दिवा विझला. आवाज नाही, काही नाही. इतके दिवस तिला वाटायचं, निदान टक् तरी होत असेल.

"आता दाब," ती म्हणाली.

त्याने वाळूवर ब्रेक करकचून दाबला. तिने डोळे मिटले. गाडी घसरली नाही. खालून नुसती एक बारीक थरथर आली, झोपेतलं मूल दचकून पुन्हा शांत व्हावं तशी, आणि चाक सरळ थांबलं.

"पुन्हा," ती म्हणाली. मग अजून पाच वेळा.

सोमवारी लेकीच्या केसांत तेच लाल रबर होतं, ऑइलचा वास येणारं. गाडी वळणाआड गेली. आज वळणापर्यंत जायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

ती गेलीच. शिंप्याच्या छपराखालची जागा रिकामी होती.

शिंप्याने सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. "गेली हो केव्हाच. पोरगी मला हात करत होती. पडेल ना अशाने, नीट धरायला सांगा तिला!"