व्हायकाउंटचं नाक

विल्मार ओलास्कोआगाने तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. हे व्रत त्याने जन्मात कधी केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते फार जड जात होतं. खुर्ची त्याने मुद्दाम टेबलाकडे पाठ करून ठेवली होती. पण मान काही पाठीचं ऐकत नव्हती, आणि वळवून वळवून आता ती दुखायला लागली होती.

टेबलापाशी त्याची बायको सुल्मा विमान बांधत होती. विमान त्याचं होतं, हेच तर दुखणं होतं.

मोन्तेविदेओच्या विमानतळावर विल्मारने आयुष्य काढलं ते व्हायकाउंट विमानांच्या इंजिनांखाली. उजव्या अंगठ्यावर आडवा पांढरा व्रण होता, तो अशाच एका इंजिनाच्या झाकणाचा पत्रा लागून झालेला. पुढे व्हायकाउंट भंगारात गेली, विल्मार पेन्शनीत गेला, आणि खऱ्या विमानाखाली उताणं पडायची सोय राहिली नाही म्हणून तो प्लास्टिकची छोटी विमानं जोडायला लागला. कपाटावर तेरा-चौदा तरी उभी होती. व्हायकाउंटचा खोका मात्र त्याने राखून ठेवला होता. हात चांगला बसू दे, मग आपलं विमान करू, असं तो म्हणे. हात बसला, खोका उघडला, आणि त्याच शरद ऋतूत त्याला अर्धांगाचा झटका आला.

पाय परत आला. जीभ परत आली. सुल्माच्या मते जरा जास्तच परत आली. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, पाहुणा आल्यासारखा. एकदाच विल्मारने धीर करून त्या हातात विमानाचं एक चाक धरलं. ते पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याने डाव्या हाताने अख्खं टेबल झाडून जमिनीवर केलं आणि जाहीर केलं, की या टेबलाला आता हात लावणार नाही, या विषयावर शब्द बोलणार नाही, खोका कुणालाही देऊन टाका.

हाताचा व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातला यामांदू येई. त्याने दिलेला रबरी चेंडू खुर्चीखाली धूळ खात होता. जाताना दारात तो सुल्माला म्हणाला, पण आत ऐकू जाईल अशा बेताने, "हात मेलेला नाही, बाई. रुसलाय. पण असाच आणखी पडून राहिला ना, तर मग मात्र गेला म्हणून समजा."

सुल्माने गुडघ्यावर बसून विमानाचे सगळे तुकडे गोळा केले, पिठाच्या चाळणीत भरले आणि टेबलावर मांडले.

"हे काय करतेस?" विल्मारने विचारलं.

"तू करत नाहीस, मग मी करते."

"तुला जमणार नाही."

"मग सांग कसं करायचं ते."

विल्मारने ओठ मिटले. इथून त्या व्रताची सुरुवात झाली.

आता सुल्मा ही बाई कशी, तर भातावरचं झाकण दर मिनिटाला उचलून बघणारी. वाट बघणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं, आणि या कामात निम्मं कौशल्य वाट बघण्याचं. गोंद वाळला का, लाव बोट. रंग सुकला का, लाव बोट. पंखाच्या खालच्या बाजूला तिच्या बोटांचे इतके ठसे होते, की पोलिसांनी तिला तेवढ्यावर आत घातली असती. प्रत्येक ठशाला विल्मार खुर्चीतून उठे. नळ घट्ट बंद करी, बंद नळ पुन्हा बंद करी, दारापर्यंत जाई, परत येऊन बसे. रेडिओवर सामना लावला तर कोण कुणाला चेंडू देतंय हेही त्याला कळेनासं झालं होतं.

पुढची काच बसवताना तिने झटपट चिकटणारा गोंद वापरला. विल्मारला ओरडावंसं वाटलं. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते हे कुणीही सांगेल, पण कुणीही म्हणजे त्यानेच सांगायचं होतं. सकाळी काच दुधाळ झालेली. सुल्माने ती उजेडात धरली, एक शिवी हासडली, मग न्हाणीघरातून टूथपेस्ट आणली आणि जुन्या गंजिफ्रॉकच्या चिंधीने ती काच घासत बसली. दुपारपर्यंत काच लख्ख. विल्मार दिवसभर धुसफुसत राहिला, कारण ते जमलं होतं.

बाईच्या हातून बिघडत होतं, आणि बाई ते सुधारत होती. पंखाचा जोड फुगला, तो तिने घासून बसवला. इंजिनाचा एक पंखा सिंकच्या पाइपात गेला, तो तिने पाइप उघडून काढला. आणि विल्मारचा जीव खालीवर होत होता तो नेमका कशासाठी, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. ते बिघडावं असं त्याला वाटत होतं, आणि ते बिघडेल या भीतीने त्याला झोपही येत नव्हती.

मग तो शनिवार आला. सुल्माने विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग हातात घेतले. आतली जमीन बसवलेली, खिडक्या बसवलेल्या, आता दोन्ही अर्धे मिटवायचे. विल्मारने मान वळवून आत पाहिलं, आणि त्याच्या हातातला येर्बाच्या चहाचा तुंबा कलंडला.

नाकात वजन नव्हतं.

व्हायकाउंट तीन पायांवर उभं राहतं, त्यातला एक नाकाखाली. खऱ्या विमानाचा तोल खऱ्या यंत्रांनी सांभाळला जातो. प्लास्टिकचं मात्र पोकळ, त्याची शेपूटच भारी. म्हणून धड मिटवण्याआधी नाकात शिसं भरायचं असतं. विसरलात, तर सगळं झाल्यावर, रंग चढल्यावर, कंपनीचं नाव लागल्यावर तुम्ही विमान कौतुकाने टेबलावर ठेवता, आणि ते नाक वर करून शेपटीवर बसतं, भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं. नाकापेक्षा मोती जड असू नये म्हणतात. इथे मोती नसेल तर नाकच राहत नाही. हे खोक्यातल्या सूचनांच्या कागदावर पहिल्याच चित्रात दाखवलेलं होतं. पण कागदाच्या त्या कोपऱ्यावर सुल्माने दुसऱ्याच दिवशी गोंद सांडला होता.

विल्मार खोकला.

"घशात काय झालं?" सुल्माने न बघता विचारलं.

"काही नाही."

"बोलायचंय का काही?"

"मी कशाला बोलू?"

"बरं," असं म्हणत तिने दोन्ही कडांना सढळ हाताने गोंद फासला, धड मिटवलं आणि त्यावर कपड्यांचे चिमटे लावले. मग लढाई जिंकल्यासारख्या अभिमानाने ते खिडकीत ठेवलं आणि पिशवी उचलली. "बाजारात जाऊन येते. वाळेपर्यंत हात लावू नकोस हं, म्हाताऱ्या."

"मी कशाला लावतोय?"

फाटक वाजलं. विल्मार बसून राहिला. व्रत म्हणजे व्रत. शेपटीवर बसेल तर बसू दे, आपण काही बोललो नव्हतो. तो उठला, नळ तपासला, पुन्हा बसला. गोंद आत्ता ओला होता. थोड्या वेळाने त्याचा दगड होणार, मग करवतीशिवाय उघडायचं नाही. हवा दमट होती, म्हणजे थोडा जास्त वेळ मिळाला असता. पण हा हिशोब आपण का करतोय, असं म्हणून तो स्वतःवरच चिडला आणि रेडिओ मोठा केला. रेडिओत कुणीतरी गोल केला. तो कुणी केला हे ऐकायच्या आत विल्मार टेबलापाशी होता.

डाव्या हाताने चिमटे काढले. भाजीची सुरी फटीत घालून ती हळूच फिरवली, आणि व्हायकाउंटने च्यॅक आवाज करत तोंड उघडलं. सिंकखालून त्याने गळाचा डबा ओढला. झटका आल्यापासून तो कोणी उघडला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या शिशाने त्याने कोर्व्हिना मासे धरले होते. दोन चांगली वजनं निवडून त्याने ती नाकात बसवली आणि खिडकीच्या काचेला लावायची लांबी वर थापली. आता पुन्हा मिटवायचं, आणि निमुळत्या नाकावर चिमटा बसेना, म्हणून त्याने डब्यातलं गोल रबर घेतलं. रबर डाव्या हाताने ताणलं की नाकाशी फट पडे. फट दाबली की रबर सुटे. हँगरमध्ये अशा वेळी तो ओरडे आणि कुणीतरी धावत येऊन धरी. इथे कोण येणार? गोंद आटत चालला होता. त्याने दात खाल्ले, सगळ्या जुन्या शिव्या एका दमात दिल्या, जे काही हाताशी होतं त्याने नाक दाबून धरलं आणि रबर चढवलं. एक वेढा, दुसरा वेढा. बाहेर फाटक कुरकुरलं, आणि तो खुर्चीत जाऊन पडला.

सुल्माने भोपळा आणि कांद्याची पात टेबलावर ठेवली. विमान उचललं. मग खाली ठेवून पुन्हा उचललं.

"हे जड कसं झालं?"

"प्लास्टिक वाळलं की जड होतं."

"आणि हे रबर?"

"मांजर आलं असेल."

"आपल्याकडे मांजर नाही, विल्मार."

"शेजाऱ्यांचं."

"शेजाऱ्यांच्या मांजराने हा लांबीचा डबा पण उघडला?"

मग मात्र धरण फुटलं. नाक, शेपूट, तोल, शिसं, कागदाचं पहिलं चित्र, त्यावर सांडलेला गोंद, एकूणच सांडलेला गोंद, टूथपेस्ट, आणि फरशीच्या मेणात बुडवली असती तर काच कशी घटकाभरात साफ झाली असती, हे सगळं विल्मारने साठवलेलं व्याजासकट बाहेर काढलं. सुल्मा ऐकत राहिली. ती मध्ये एक शब्दही बोलली नाही, आणि हे तिनेही जन्मात कधी केलेलं नव्हतं.

"झालं?" शेवटी ती म्हणाली. "मग हे काय आहे?"

नाकाच्या डाव्या बाजूला, जोडाशी, मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये एक ठसा उमटला होता. विल्मारने जवळ घेऊन पाहिला.

"अंगठा. ओल्या गोंदात बोट घातलंस, दुसरं काय?"

"माझा अंगठा एवढा?"

विल्मारने चष्मा पुसला. ठसा मोठा होता. मधून एक आडवी रेघ गेली होती, सरळ, कापल्यासारखी. त्याने आपला डावा अंगठा पाहिला. डावा गुळगुळीत होता. मग, सावकाश, मांडीवरच्या उजव्या हाताकडे त्याने पाहिलं. अंगठ्याच्या टोकाला करडं प्लास्टिक चिकटलं होतं आणि त्याला गोंदाचा वास येत होता.

"नाक कशाने धरलं होतंस?" सुल्माने हळू विचारलं.

"माहीत नाही," विल्मार म्हणाला. ते खरं होतं.

आनंद व्हायला हवा होता. पण त्याला भीती वाटली, झटका आला होता त्या सकाळीही वाटली नव्हती इतकी. हात मेलाय म्हटल्यावर एक निवांतपणा होता. कुणी काही मागत नव्हतं, कुणाची निराशा होत नव्हती. आता तो निवांतपणा गेला होता. सुल्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते लपवत नव्हती, म्हणून त्याला दुसरीकडे बघावं लागलं.

"घासून काढायला हवा," तो म्हणाला. "रंगाखाली दिसेल."

"मग काढ." तिने पॉलिश पेपरची पट्टी त्याच्या उजव्या हातात दिली आणि वरून त्याची बोटं मिटवली. "ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं."

ती भोपळा चिरायला वळली. तिच्या पाठीमागे पट्टी जमिनीवर पडली.

"सुल्मा."

"काय?"

"पडली."

"ऐकलं मी." ती चिरत राहिली.

भोपळ्याच्या फोडी पातेल्यात पडल्या. मग खुर्ची टेबलाच्या बाजूला वळल्याचा आवाज आला. पट्टी उचलली गेली, पडली, शिवी ऐकू आली, पुन्हा उचलली गेली. मग बारीक खरखर सुरू झाली. ती थांबे आणि पुन्हा सुरू होई. खुर्चीखालचा चेंडू घरंगळत सिंकपाशी आला. सुल्माने तो पायानेच मागे ढकलला.

भोपळा शिजला तोवर ठसा अर्धामुर्धा गेला होता. आडवी रेघ तेवढी हटत नव्हती. विल्मारच्या कपाळावर घाम आला होता आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. पांढरा रंग पातळ कर, जाड ओतू नकोस. झाकण लावत जा. शेपटीला रंग लागू नये म्हणून आधी कागद चिकटव. आणि काय वाटेल ते झालं तरी वाळायच्या आत बोट लावायचं नाही, किती वेळा सांगायचं?

"या वेळी मी नाही लावलं," सुल्मा म्हणाली, आणि तिने ताटं मांडली.