आधी माफी कोण मागणार

घोडपदेवच्या आमच्या चाळीत माधवरावांनी एक नियम घालून दिलाय. भांडणात ज्याची चूक नाही, त्याने आधी माफी मागायची. या नियमावर त्यांनी नळावरची भांडणं मिटवली, विधवांना हळदीकुंकवाला बसवलं, दंगलीत दोन जमावांच्या मध्ये हात जोडून उभे राहिले आणि नगरसेवकही झाले. पुढे हरले, तर जिंकलेल्याची माफी मागून आले. तो बिचारा आजही त्यांना बघून रस्ता बदलतो.

शेजारचा कास्मीर त्यांचा जुना जोडीदार. त्या जमावांच्या मध्ये तोही होता. पण दोघांचं कधी वाजलं की माफी मागायला माधवराव पहिले. आणि पहिला तो बरोबर! म्हणजे उभ्या आयुष्यात चूक कोण? कास्मीर. हे त्याला आत जळत राहायचं.

"भांडूपण देत नाही गं हा माणूस!"

"मग तू जा की आधी," बायको फ्लॉरेन्स म्हणायची.

"मी चपला शोधेपर्यंत तो दारात!"

यंदा माधवरावांचा सत्कार ठरला. त्यांनी स्वतः तपासलेल्या पत्रिकेत कास्मीरचंच नाव राहून गेलं. फ्लॉरेन्सला वाटलं, आता हा पेटणार. हा तर खूश!

"चूक त्याची. या वेळी आधी मी!"

माधवरावांना चूक कळली तसे ते धावत आले. कास्मीर मोरीत लपला. फ्लॉरेन्सने सांगितलं, "शीवला गेलाय, भाचीकडे." दुसऱ्यांदा आले, तेव्हाही भाचीच.

सत्कारात शाल पांघरून माधवराव माइककडे वळले, तोच कास्मीरने माइक धरला.

"थांब रे माधव. पत्रिकेत नाव नाही म्हणून मी तुझ्यावर रागावलो. मला माफ कर."

टाळ्या थांबेनात. माधवरावही हसले, पण नुसत्या ओठांनी. घरी शिऱ्याला हात लावला नाही. "नलू, ते माझं वाक्य होतं," एवढंच बायकोला म्हणाले. नलूताईंनीच सकाळी नळावर सांगितलं.

तेव्हा कास्मीर गॅलरीत पाय पसरून चहा पीत होता. इतका गोड चहा त्याने जन्मात प्यायला नसेल. एवढ्यात माधवराव सत्काराची शाल घडी करून हातात घेऊन येताना दिसले.

कप घेऊन कास्मीर आत पळाला. "फ्लॉरेन्स, कडी लाव!"

"अरे, शाल तुला द्यायला येतायत ते."

"मग वरचीपण लाव!"