आवाज तुटतो तिथे

हर्षिता उघडा लॅपटॉप हातावर धरून मीटिंग रूमच्या दारात उभी होती. "काका, बाहेर सगळं ओके आहे. आत आलं की कॉल अडकतोय. उद्या क्लायंट इथेच बसणार आहेत."

"बघतो, मॅडम," म्हणत व्यंकोजी शिडीवरून खाली उतरला.

एचएसआर लेआउट या वस्तीतलं हे छोटं ऑफिस उद्या सुरू होणार होतं. टेबलांना वायर आणि मीटिंग रूमला वायफाय, असं ठरलं होतं. वायरचं काम झालं होतं. प्रत्येक टेबलाखालची केबल कोपऱ्यातल्या कपाटापर्यंत नेऊन, तिला चिठ्ठी चिकटवून त्याने ती नेटवर्कच्या स्विचमध्ये बसवली होती. वायरचा दिवा लागतो किंवा लागत नाही. वायफायचं तसं नसतं.

ते तपासायची त्याची एक पद्धत होती. मोबाइलचा डेटा बंद करायचा, ऑफिसच्या वायफायवरून घरी हेमावतीला फोन लावायचा आणि 'बोलत राहा' म्हणायचं. ती बोलत राहायची. वरच्या मजल्यावरचं भांडण, मालिकेतली सून, गिरणीत भेटलेलं कुणी. तो फोन कानाला लावून कोपरा न् कोपरा हिंडायचा. बायकोचा आवाज तुटेल तिथे जमिनीवर खडूने फुली मारायचा. इतक्या वर्षांत ती काय काय बोलली, त्यातलं त्याला फारसं आठवत नव्हतं. फुल्या कुठे मारल्या, ते आठवत होतं.

उगादीच्या पाडव्यानंतर तिला झटका आला. उजवा हात थोडा परतला, वाचा परतली नाही. तिच्याशी सतत बोला, सुरुवातीच्या महिन्यांत शब्द परत येऊ शकतात, पुढे अवघड होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. व्यंकोजी रोज तिच्या खाटेशी बसायचा. बोलायला काही सुचायचं नाही. जेवलीस का, असं विचारायचा. भरवलेलं त्यानेच असायचं. मग भिंतीकडे बघत राहायचा. मदतीला येऊन राहिलेली त्याची थोरली बहीण मथुराअक्का त्यावरून चिडचिड करायची. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते.

त्याने सवयीने हेमावतीचा नंबर लावला. पलीकडे फोन उचलला गेला.

"बोलत राहा," तो म्हणाला आणि मीटिंग रूममध्ये शिरला.

काही ऐकू आलं नाही. त्याने दाराशी फुली मारली. पुढे सरकला. तरी काही नाही. दुसरी फुली मारली. टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेला आणि तिसरी मारायला वाकला, तेव्हा फोनमधून घरच्या पंख्याची घरघर आली. अखंड, स्वच्छ. कुठेही तुटत नव्हती.

तो तसाच वाकलेला राहिला. मग उठून त्याने दोन्ही फुल्या चपलेने पुसल्या.

"काय झालं, काका?" हर्षिताने विचारलं. काही नाही, म्हणून त्याने मान हलवली.

फोनमध्ये अक्काचा आवाज आला. "अरे व्यंकू, फोन स्पीकरवर टाकून तिच्या कानाशी धरलाय मी. ती कशी बोलेल? तूच बोल. तुझा आवाज तुटला की मी सांगते."

"काय बोलू?"

"घरात तोंड शिवून बसतोस. तिथं तरी स्वल्प उघड."

व्यंकोजीने इकडेतिकडे पाहिलं. समोर होतं तेच तो सांगू लागला. काचेची खोली आहे. टेबल मोठं आहे, खुर्च्या नव्या आहेत, अजून प्लास्टिक काढलेलं नाही. काचेला चंदेरी कागद चिकटवलाय, त्यात बाहेरचं दिसत नाही, आपणच दिसतो.

"खुर्च्यांनंतर तुटलं," अक्का म्हणाली. "मधलं काही कळलं नाही बघ."

तिकडचं इकडे येत होतं, इकडचं तिकडे जात नव्हतं; तो कागदच वायफाय अडवत होता. बाहेरच्या पॅसेजमधला वायफायचा डबा काढून खोलीच्या आत लावावा लागेल, असं त्याने हर्षिताला सांगितलं. ती चालेल म्हणाली. डबा काढताच फोन कट झाला. त्याने छतातून नवी केबल ओढली, टोकाला कनेक्टर दाबला, डबा आत बसवला आणि दिवा हिरवा होईपर्यंत शिडीवरच थांबला. मग पुन्हा फोन लावला. या वेळी 'बोलत राहा' म्हणाला नाही.

"हेमा, मी," तो म्हणाला. खुर्च्यांचं आणि चंदेरी कागदाचं त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"सरी, ठीक आहे. कुठंच तुटत नाही," अक्का म्हणाली. "बोल."

हर्षिताने तिचा कॉल लावून पाहिला आणि परफेक्ट आहे, आता आवरलं तरी चालेल, असं खुणेनेच सांगितलं. व्यंकोजीने मान डोलावली आणि मोबाइलचा डेटा पुन्हा चालू केला. फोन कानाला तसाच ठेवून तो टेबलांच्या रांगेतून, चहाच्या ओट्याजवळून मागच्या गॅलरीत गेला. तिथे कुणी वायफाय मागितलं नव्हतं.

"पलीकडच्या गच्चीवर एक माणूस चादरी वाळत घालतोय," तो म्हणाला. "पांढऱ्या आहेत. हॉस्टेलच्या असतील. एक खाली पडली. उचलून झटकतोय."

पलीकडून पंख्याची घरघर येत होती.

"परत घातली," व्यंकोजी म्हणाला. "आता दुसरी घेतोय."